दोन डोळ्यांतला लाल

शेडबाईने सुताची ओली लडी पिळली, दोनदा झटकली, तापल्या नळीवर फिरवून वाळवली आणि पेटीत मूळ नमुन्याच्या शेजारी ठेवली. मग डावा डोळा मिटून ती वाकली.

"मारला, मारला," मागून वाफ्या म्हणाला. "रंगाला डोळा मारला बाईंनी. आता तो कुठे जातोय!"

"तू भट्टीकडे बघ. उकळी खाली गेली तर तुलाच पिळून वाळत घालीन."

वाफ्या हसत गेला. भट्ट्यांवर काम करणारा हा माणूस दिवसभर वाफेत असायचा. त्याचा चेहरा कायम नुकताच धुतल्यासारखा दिसायचा, आणि त्याचे खरे नाव आता फक्त हजेरीपुरते उरले होते. शेडबाईचेही तसेच. सूत रंगवण्याच्या त्या कारखान्यात रंगाची छटा, म्हणजे शेड, जुळली की नाही हे ठरवायचे काम तिचे. भट्टीतून एक घाणा निघाला की त्यातली एक लडी तिच्या पेटीत यायची. पेटी पत्र्याची, आतून राखाडी रंगवलेली, वर दिवसासारखा उजेड देणारा दिवा. तिथे ती नवी लडी नमुन्याशी ताडून बघायची. जुळली तर लडीला पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारायची, नाही तर नुसती मान हलवायची. गाठ बसलेला घाणा पुढे विणायला जायचा, मान हललेला परत भट्टीत. एकदा तिची मान हलली की मालकसुद्धा वाद घालत नसत. तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे आणि आपल्या खोलीत जाऊन बसायचे.

डोळा मिटायची सवय मात्र अलीकडची, दोनेक वर्षांतली. नव्याने कामाला लागलेला एक हमाल, बाई आपल्यालाच डोळा मारते असे समजून आठवडाभर केस चापून चोपून विंचरून येत होता. ही गोष्ट कारखान्यात अजून चवीने सांगितली जायची. ऐकताना शेडबाईही हसायची. गोष्ट हसण्यावारी गेलेली तिला हवीच होती.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिला डाव्या डोळ्याने सगळे तेलकट कागदातून पाहावे तसे दिसू लागले होते. डोळा फिरवला की मागे दुखायचे. डोळ्याच्या डॉक्टरांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी तिला बोगद्यासारख्या यंत्रात झोपवून फोटो काढले आणि सांगितले, मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर वेष्टन असते तसे नसांवरही असते, आणि या आजारात शरीर आपलेच वेष्टन आपणच कुरतडते. कुठे कुरतडेल, कधी थांबेल, सांगता येत नाही. औषधाने वेग कमी होतो.

डोळा पुढे पुष्कळसा परत आला. अक्षरे आली, माणसांचे चेहरे आले, निळा, हिरवा, पिवळा आला. लाल मात्र पुरता आला नाही. त्या डोळ्याला लाल रंग धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा दिसायचा. भट्ट्यांची ऊब अंगाला लागली की तोही फिका पडायचा. घरी हे सगळ्यांना माहीत होते, कारखान्यात कुणालाच नाही. छटा बघणाऱ्या बाईला लाल दिसत नाही हे कळल्यावर तिला तिथे कुणी ठेवले असते? ठेवले असते तर कशाला? चहा करायला? एकोणीस वर्षे या पेटीपुढे काढल्यावर दुसरे काही करता येईल असे तिला वाटतही नव्हते. उजवा डोळा शाबूत होता. तो होता तोवर ती शेडबाई होती.

आणि सध्या कारखान्यात लालच लाल चालू होता. एका मोठ्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचे कापड होते. अर्ध्या खुर्च्यांचे विणून, शिवून, खिळे ठोकून झाले होते. उरलेल्या अर्ध्यांचे सूत आता भट्ट्यांतून निघत होते. छटा रतीभर सरकली असती तर भरल्या नाट्यगृहात अर्धी माणसे एका लालवर आणि अर्धी दुसऱ्या लालवर बसलेली दिसली असती.

घरी सासू आणि ती, दोघीच. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. यायचा तेव्हा दोन दिवस झोपायचा आणि परत जायचा. सासूने आजाराचे नाव ऐकले तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता, "मल्टिपल कशाला? एकाने भागत नव्हतं का?" त्यानंतर तिने सुनेच्या हातचे जड भांडे काढून घेतले आणि पुन्हा त्या विषयावर रडारड केली नाही.

ध्यान करून बघायचे दवाखान्यातच कुणीतरी सुचवले. तिथे व्यायाम करून घेणारी एक तरुण ताई होती. ती तळघरातल्या एका खोलीत या आजाराच्या माणसांना खुर्च्यांवर गोल बसवायची. आधीच सांगायची, "यानं आजार जाणार नाही. औषध सोडायचं नाही. पण थकवा येतो, भीती येते, झोप उडते, त्यांच्याबरोबर राहायला थोडी जागा होते. बघा जमलं तर." असे स्पष्ट बोलणे शेडबाईला आवडले. रंग विकणारे लोक इतके स्पष्ट कधी बोलत नसत.

"श्वास बदलायचा नाही," ताई म्हणायची. "येतोय तसा येऊ द्या. नुसतं बघा. आता डाव्या पायाच्या तळव्यापाशी या."

शेडबाई तळव्यापाशी जायची. तिथे मोजा दुमडून बसल्यासारखे वाटायचे, मोजा नसतानाही. मग ती मनातल्या मनात शेजारी आपला जुना तळवा ठेवायची, आजाराच्या आधीचा, फरशीचा गारवा धाडकन कळणारा. दोन्ही ताडून बघायची आणि मान हलवायची. मग पोटरी. पुन्हा जुनी पोटरी शेजारी, पुन्हा मान. डोक्यापर्यंत पोचेस्तोवर ती अशी दमायची की उठताना खुर्चीचा हात धरावा लागायचा.

"मला काही जमत नाही," एकदा ती ताईला म्हणाली. "जुळतच नाही."

"कशाशी जुळत नाही?"

"आधीच्या पायाशी."

ताईला तिचे काम माहीत होते. ती म्हणाली, "इथे नमुना नाहीये. पेटीत एकच लडी ठेवा."

"एकच लडी ठेवून काय बघायचं?"

"तीच."

घरी येईपर्यंत शेडबाई मनात कुरकुरत होती. एका लडीकडे नुसते बघत बसणे म्हणजे तिच्या हिशेबी कामचुकारपणा. तरी ती रोज सकाळी खुर्चीत बसू लागली. महिनेच्या महिने गेले. जुना तळवा आपणहून शेजारी यायचा, ती त्याला बाजूला ठेवायची, तो पुन्हा यायचा. हळूहळू कधी कधी तो यायचाच नाही. मग एकटा दुमडलेला मोजा असायचा. बरा नाही, वाईट नाही. असायचा.

सासूला हे पसंत नव्हते.

"नुसतं बसून काय मिळतं गं? कोंबडी बसते, पण उठल्यावर खाली अंडं तरी असतं."

"तुम्हीही बसून बघा ना, आई. अंडं निघालं तर तुमचं."

सासू हट्टाने बसली आणि पाचव्या श्वासाला घोरू लागली. शेडबाईने डोळे उघडले नाहीत. घोरणे येत होते, जात होते, मध्येच अडकत होते, मग पुन्हा येत होते. तिने तेच बघितले. त्या दिवसापासून सासू रोज शेजारी बसू लागली.

"केवढं घोरलात तुम्ही."

"मी? मी तर पार आत गेले होते."

फरक पडला तो असा, की थकवा अंगावर कोसळायच्या आधी दाराशी आलेला कळू लागला. पाय जड होण्यापूर्वी एक बारीक गुणगुण सुटायची. ती कळली की शेडबाई बसून घ्यायची, मग पुढचा अर्धा दिवस हाताशी राहायचा. भट्टीची ऊब मानेपाशी चढताना कळायची, त्यामुळे ती डोळा फिका पडण्याआधीच बाहेर येऊन उभी राहायची. जेवणाच्या सुट्टीत ती सुताच्या कोठीत जायची. तिथे गारवा होता, कोऱ्या सुताचा वास होता आणि कुणी यायचे नाही. वाफ्या बाहेर सगळ्यांना सांगायचा, "हळू बोला, बाई तपाला बसल्यात. उठल्या की शाप देतील." सगळ्यांना वाटायचे ती डुलकी काढते.

तिथे ती आणखी एक गोष्ट करायची आणि ती तिने ताईला कधी सांगितली नव्हती. बसणे झाले की फळीवरची लाल लडी घ्यायची, उजव्या डोळ्याने बघायची, मग डाव्याने. उजव्याचा लाल गडद, पिकलेला. डाव्याचा विटका. पायापाशी तिने नमुना बाजूला ठेवायला शिकून घेतले होते, डोळ्यापाशी नाही. उजवा डोळा हा नमुना आणि डावा हा रोजचा घाणा. एखाद्या दिवशी दोघांतले अंतर कमी वाटले की त्या दिवशी ती वाफ्याला चहा पाजायची. जास्त वाटले की वाफ्याला शिव्या बसायच्या. बिचाऱ्याला दोन्हींचे कारण कधी कळले नाही.

त्या दिवशीही ती कोठीत बसली. तळवा, पोटरी, गुडघा, मांडी. सगळे जिथल्या तिथे. मान, जबडा. उजव्या डोळ्यामागे दुखत होते. फार नाही, बोट दाबून धरल्यासारखे. आदल्या दिवसापासून होते, पण रात्री झोप कमी झाली म्हणून असेल असे समजून तिने तिकडे लक्ष दिले नव्हते. आता दिले. होते. लक्ष कपाळावर नेऊन तिने बसणे संपवले, डोळे उघडले आणि सवयीने लडी हातात घेतली.

उजव्याने पाहिली. डाव्याने पाहिली.

लाल दोन्हीकडे सारखाच दिसला.

तिने पुन्हा पाहिले. हाताने एक डोळा झाकून, मग दुसरा. अंतर नव्हतेच. दोन वर्षे रोज पाहिलेले अंतर कुणीतरी पुसून टाकले होते. ती लडी छातीशी धरून उभी राहिली. धावत जाऊन कुणाला सांगावे, तर कारखान्यात सांगण्यासारखे कुणी नव्हते. मुळात बिघडलेलेच कुणाला माहीत नव्हते. सासूला सांगायचे. सासू म्हणेल, निघालं की गं अंडं. शेडबाईला हसू आले. बाहेर येताना ती काहीतरी गुणगुणत होती.

पेटीपाशी नव्या घाण्याची लडी वाट पाहत होती. तिने ती नमुन्याशेजारी ठेवली आणि वाकली.

"हे काय?" वाफ्याने विचारले. "आज डोळा नाही मारला?"

"आज दोन्ही डोळ्यांनी बघतेय."

"रुसेल की रंग."

छटा जुळत होती. अगदी जुळत होती. तिने पांढरा दोरा तोडला, लडीभोवती एक फेरा घेतला आणि हात थांबला.

शंका आली म्हणून नव्हे. आनंद झाला होता आणि तो छातीत कुठे धडधडतोय हे तिला दिसत होते. त्याच वेळी नजर नमुन्यावरून लडीवर नेताना उजव्या डोळ्यामागे कळ येते हेही दिसत होते. दोन्ही शेजारी शेजारी होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिला एक जुना घोटाळा आठवला. ती नवी असताना कुणीतरी नमुन्याची लडी खिडकीत विसरले होते. ऊन खाऊन नमुना उतरला. पुढचा घाणा त्या उतरलेल्या नमुन्याशी तंतोतंत जुळला, गाठ बसली, सगळे सूत विणले गेले आणि सगळे फुकट गेले. तिला काम शिकवणारे म्हातारे मास्तर तेव्हापासून नमुने पत्र्याच्या डब्यात बंद करून ठेवायचे.

तिने दोऱ्याचा फेरा सोडला.

"वाफ्या, इकडे ये."

वाफ्या हात पुसत आला.

"या दोन लड्या बघ. सारख्या आहेत?"

एकोणीस वर्षांत तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. वाफ्याने पेटीत पाहिले, मग तिच्याकडे पाहिले आणि त्याच्या ओल्या चेहऱ्यावर हसू पसरले.

"बाई, मला फसवता काय? हा लाल आणि हा विटकरी. आंधळ्यालाही दिसेल."

"बरोबर," शेडबाई म्हणाली. "परत भट्टीत टाक."

"म्हणजे पास?"

"जा आता."

तो गेला तो ओरडतच, की बाईंनी परीक्षा घेतली आणि आपण पास झालो. भट्टीवरच्या दोघांनी टाळ्या पिटल्या. शेडबाईने दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. डॉक्टरांनी बजावले होते की नवीन काही वाटले तर त्याच दिवशी यायचे, थांबायचे नाही, लवकर आलात तर पुष्कळदा परत मिळते. जायलाच हवे होते. पण आता उठून गेले तर का गेले ते सांगावे लागले असते. आजचे दोन घाणे निघायचे होते. ते झाले की जाऊ. उद्याचे उद्या. आणि वाफ्याला परीक्षा वाटते तर वाटू दे. असे किती दिवस चालेल? बरेच दिवस चालेल. वाफ्याचे डोळे तरुण आहेत, आणि परीक्षा आवडणारा माणूस आहे.

हा विचार मनात आला तेव्हा तिला हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याकडे मात्र तिने पाहिले नाही.

दुसरा घाणा निघाला. तिने लडी पेटीत ठेवली, हात मागे बांधले आणि वाफ्याला बोलावले. भीती होती, पण ती श्वासाबरोबर आली आणि गेली. भीतीला जाऊ द्यायला ती शिकली होती.

"सांग."

वाफ्याने पेटीत डोकावले, मान वर केली, तिच्याकडे पाहिले.

"जुळलं."

"नक्की?"

"शंभर टक्के."

तिने गाठ मारली. लडी आकड्याला लावली. खाली घाणा बांधून विणकामाच्या खात्यात नेण्यासाठी गाडीवर चढू लागला.

तिसरा घाणा निघायला उशीर झाला. तोवर कारखान्यात बातमी पसरली होती, की मालक वाफ्याला शेडबाईच्या हाताखाली घेणार. वाफ्याने केसांवरून पाण्याचा हात फिरवला होता. तो पेटीपाशी आला तेव्हा एप्रनही सरळ केलेला होता.

"सांग," शेडबाई म्हणाली.

वाफ्या तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. पेटीकडे त्याने एकदा नुसती नजर टाकली होती. डोक्यावरून वाफेची नळी फुसफुसली. शेडबाईला त्याची नजर आपल्या भुवयांवर, ओठांवर फिरताना जाणवली.

"अरे, सूत पेटीत आहे. माझ्या तोंडावर नाही."

"तोंडावरच असतं ना, बाई. शाळेत मी सगळ्या तोंडी परीक्षा अशाच पास झालोय. मास्तरांचं तोंड बघायचं. उत्तर चुकायला लागलं की त्यांचा जबडा हलतो."

"मघाचं कसं सांगितलंस?"

"कुठलं?"

"दुसरं. जुळलं म्हणालास ते."

"तसंच की," वाफ्या म्हणाला. तिला कौतुक वाटतेय अशा समजुतीत तो होता. "पहिला घाणा ढळढळीत वेगळा होता, त्यात काय बघायचं. दुसरा मात्र अवघड होता. खरं सांगू? मला काही धड कळेना. मग तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही इतक्या निवांत उभ्या होतात, म्हटलं, जुळलेलं असणार. न जुळलेल्या रंगापुढे बाई इतक्या निवांत कधी दिसत नाहीत."

शेडबाईने गाडीकडे पाहिले. गाडीवर घाणा चढवून झाला होता आणि हमाल दोर आवळत होता.

"थांबव ती गाडी," ती म्हणाली.

"का? चुकलं?"

"थांबव आधी."

वाफ्याने हाक मारली. हमालाने दोर सोडला आणि तो गाडीच्या दांडीवर बसून विडी शोधू लागला. शेडबाईने आकड्यावरून लडी काढली. गाठ सुटेना, म्हणून कात्रीने कापली. दोऱ्याचा तुकडा खाली पडला. वाफ्या ते बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू अजून पुरते गेले नव्हते.

"नापास?"

"मी परीक्षा घेत नव्हते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मला लाल दिसत नाही. डाव्या डोळ्याला दोन वर्षं झाली. उजव्याला बहुतेक आजपासून."

वाफ्याने आधी तिच्या एका डोळ्याकडे पाहिले, मग दुसऱ्याकडे. दोन्ही नेहमीसारखेच होते. भट्टीवरून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडले, त्याने नुसता हात वर केला.

"मालकांना माहितीय?"

"आता जाऊन सांगणार आहे."

"मी नाही सांगितलं तर कुणाला—"

"वाफ्या."

"हो, बाई."

"त्या खुर्च्या पन्नास वर्षं तिथं राहतील."

तिने दुसऱ्या घाण्याची लडी पेटीत नमुन्याशेजारी ठेवली, दोघींच्या कडा हाताने सरळ केल्या आणि बाजूला झाली. पेटीपुढची जागा मोकळी राहिली. वाफ्या लगेच पुढे गेला नाही. त्याने दोन्ही हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले, मग जाऊन वाकला.

या वेळी त्याने मान वर केली नाही. लडी उलटी केली. नमुना डावीकडून उजवीकडे ठेवला. दोन्ही लड्यांची टोके एकमेकांत गुंफून बघितली, असे करायला त्याला कुणी शिकवले नव्हते. मग एक पाऊल मागे सरून बघितली. भट्टीवरून पुन्हा हाक आली, ती त्याला ऐकूही आली नाही.

शेडबाई भिंतीला टेकली. भिंत गार होती. उजव्या डोळ्यामागचे बोट तिथेच होते.

"बाई," वाफ्या पेटीतच बघत म्हणाला, "आता नाही हो सांगता येत. मघाशी किती सोपं वाटत होतं."

"हं."

"हा जरा काळसर वाटतो. मग वाटतं, नाही. मग पुन्हा वाटतं."

शेडबाईने आपले स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवले.

"बस," ती म्हणाली. "मला दवाखान्यात जायचंय. पण तू घाई करू नकोस."